ग्रीक, तुर्क आणि नाना बोरसे

नाना बोरसे शाळेत इतिहास शिकवत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोराला एखाद्या लढाईत नेमकं काय झालं असं विचारलं तर तो आधी विचारी, "कोणाच्या घरचं सांगू?" परीक्षेला हे फारसं उपयोगी पडत नसे. मी गणिताचा मास्तर. आमच्याकडे एका उदाहरणाची दोन उत्तरं आली की त्यातलं एक तरी चूक असतंच, बहुधा दोन्ही. त्यामुळे शिंदखेड्याच्या शाळेत रुजू झालो तेव्हा पहिले काही महिने मला हा माणूस वेडा वाटला. पुढे मत बदललं असं म्हणणार नाही. वेडे तर ते होतेच, पण त्या वेडाचा मला लळा लागला.

मी जळगावचा, मेहरूणच्या तळ्यात डुंबून मोठा झालेला. शिंदखेड्यात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत एक उंच, काटकुळा, धोतरावर खाकी कोट घातलेला गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसला, आपला डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "चौधरी, तुमच्या जळगावात लोक आम्हा धुळ्याकडच्यांबद्दल काय म्हणतात ते सांगा. मग आम्ही तुमच्याबद्दल काय म्हणतो ते मी सांगतो." मी भिडस्तपणे काही नाही म्हणालो. नाना म्हणाले, "म्हणजे फारच वाईट बोलत असणार." तिथून आमची दोस्ती सुरू झाली.

तो खाकी कोट लढाईतला. नाना महायुद्धात खेचरांच्या पलटणीत कारकून होते आणि तिची एक तुकडी सायप्रस बेटावर गेली तेव्हा त्यांनाही धाडलं होतं. लोक लढाईवरून पदकं आणतात, नाना दोन कॉफीखाने घेऊन आले. त्यांच्या छावणीजवळच्या खेड्यात एकच चौक होता. चौकाच्या एका अंगाला ग्रीकांचा कॉफीखाना, समोर तुर्कांचा. दोन्हीकडे एकेक म्हातारा शाळामास्तर बसलेला असे. दोघांना मोडकंतोडकं इंग्रजी येई, आणि नानांना ऐकण्याचा सोस. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. ग्रीक मास्तराच्या पुस्तकात कॉन्स्टँटिनोपल पडल्याचा दिवस सुतकाचा होता, तुर्क मास्तराच्या पुस्तकात तोच दिवस दिवाळीचा. एक ज्या शहराला स्मर्ना म्हणून डोळे पुसायचा, त्यालाच दुसरा इझमीर म्हणून छाती फुगवायचा. एकाच्या गोष्टीत जळालेली घरं होती ती दुसऱ्याच्या गोष्टीत नव्हतीच, आणि दुसऱ्याच्या गोष्टीतली जळालेली घरं पहिल्याने कधी पाहिली नव्हती.

"शेवटी मी ग्रीक मास्तराला विचारलं," नाना सांगत, "समोरच्याचं म्हणणं काय ते तर सांगा. तो म्हणाला, त्यांचं म्हणणं म्हणजे ते खोटारडे आहेत. तुर्काला विचारलं. त्याने शब्दाला शब्द हेच उत्तर दिलं! चौधरी, त्या बेटावर एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं."

याच्यावरून त्यांनी आपली पद्धत काढली. नववीचा वर्ग दोन भागांत वाटायचा. खिडकीकडचे ग्रीक, दाराकडचे तुर्क. ग्रीकांना व्हरांड्यात नेऊन ग्रीकांच्या घरचं सांगायचं, तुर्कांना निंबाखाली नेऊन तुर्कांच्या घरचं. दोन्ही वेळा नाना तितक्याच पोटतिडकीने सांगत. दोन्ही टोळ्या पेटून वर्गात आल्या की आठ दिवस कडाक्याचं भांडण. एवढ्यावर थांबले असते तर कोणीही म्हटलं असतं, बोरसे मास्तर पोरांना झुंजवतात. पण आठवड्याअखेर खरी परीक्षा असे. ग्रीकाने उभं राहून तुर्काची बाजू सांगायची, तुर्काने ग्रीकाची. ती इतकी नीट सांगायची की समोरच्याने मान डोलावून म्हटलं पाहिजे, "हो, आमचं असंच म्हणणं आहे." समोरचा मान डोलावेपर्यंत खाली बसायचं नाही. काही पोरं दोन-दोन तास उभी राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत.

शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले तेव्हा नेमकं हेच चाललं होतं. खेडेगावातून अनवाणी आलेली पोरं "इझमीर आमचं!" म्हणून बाकं बडवत होती. साहेबांनी चष्मा पुसला. "हे अभ्यासक्रमात आहे का?"

"नाही साहेब," नाना म्हणाले. "म्हणून तर शिकवता येतं. मराठे आणि मोगल असं शिकवायला गेलो तर संध्याकाळी धड घरी पोचायचो नाही. इथे ग्रीकाचा कोणी जावई नाही आणि तुर्काचा कोणी व्याही नाही. शिकायला मोकळं रान."

साहेब हसले. जाताना त्यांनी शेरा काय लिहिला ते मला ठाऊक नाही, पण बाहेर पडताना ते हेडमास्तरांना विचारत होते, "पण मग इझमीर शेवटी कोणाचं?"

ही पद्धत नाना कुठेही चालवत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकच खिडकी होती. संस्कृतच्या शास्त्रीबुवांना ती बंद हवी असे, कारण धूळ. ड्रिलच्या पवारांना उघडी हवी असे, कारण घाम. हे भांडण इतकं जुनं होतं की दोघे एकमेकांशी फक्त खिडकीबद्दल बोलत. नानांनी एकदा दोघांना समोरासमोर बसवून एकमेकांची वकिली करायला लावली. पवारांनी धुळीने खोकणाऱ्या म्हाताऱ्याची अशी काही बाजू मांडली की त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले. शास्त्रीबुवांनी मैदानावर उन्हात राबून आलेल्या माणसाचं वर्णन केलं ते तर काव्यच होतं. सगळे खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून शास्त्रीबुवा येता-जाता खिडकी उघडायचे आणि पवार ताडकन उठून ती लावायचे. भांडण जसंच्या तसं, फक्त माणसं बदलली. मी नानांना म्हटलं, "झालं का समाधान?" नाना म्हणाले, "प्रगती आहे. निदान आता दोघं दुसऱ्यासाठी भांडतात."

पण त्यांच्या या सगळ्या गमतीत एक हळवी जागा होती. पंचावन्न सालानंतर वर्तमानपत्रात सायप्रसच्या बातम्या येऊ लागल्या. पत्र आमच्याकडे एक दिवस शिळं पोचायचं. नाना स्टँडवर जाऊन उभे राहत आणि आधी मधलं पान उघडत. कुठे बॉम्ब, कुठे गोळीबार, कुठे शेजारच्यांनी शेजारच्यांची घरं पेटवलेली. एकदा ते पत्र घडी करून खिशात घालून वर्गात गेले आणि पोरांना म्हणाले, "आज ग्रीक नाही, तुर्क नाही. आज कबड्डी खेळा." मग निंबाखाली बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा म्हणाले, "त्या दोन म्हाताऱ्यांपैकी कोणी असेल का हो जिवंत? असला तर समोरचा कॉफीखाना बघून काय म्हणत असेल?" मला वाईट वाटलं, आणि त्या बेटाचा नकाशाही मी तोवर नीट पाहिलेला नव्हता याची शरमही वाटली.

पुढे तिथे तडजोड झाल्याची बातमी आली त्या दिवशी नाना पेढ्यांचा पुडा घेऊन आले. हेडमास्तरांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "अरे वा! मुलगा की मुलगी?"

"देश," नाना म्हणाले.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने सांगतोय कारण त्याच वर्षी नानांवर स्वतः उभं राहण्याची पाळी आली.

नानांचं गाव बोरपाडे बुद्रुक. तिथून ते रोज सायकलवर शाळेत येत. मधे नदी, आणि पलीकडच्या काठावर बोरपाडे खुर्द. नदी म्हणायची रीत आहे, बाकी आठ महिने ती वाळूच, कडेला एखादा डोह सोडला तर. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकीबाळींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि चैत्रभर पुजलेली लाकडी, रंगवलेली गौर नदीवर न्हाऊ घालायला नेतात. बोरपाड्यात दोन्ही काठांच्या बायका समोरासमोर येत आणि गाण्यांतून एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. ही रीतच होती, त्याचा राग धरायचा नसे. पण नानांच्या आजाच्या काळात एका आखाजीला गाण्यावर भागलं नाही, आणि तेव्हापासून दोन्ही गावांत सोयरीक झालेली नव्हती.

बुद्रुकच्या घरचं असं, की खुर्दच्या लोकांनी गोफणीने दगड मारले, बायकांची डोकी फुटली, आणि आपले लोक त्यांना कसेबसे सांभाळून घरी घेऊन आले. खुर्दच्या घरचं असं, की बुद्रुकच्या बोरशांनी, म्हणजे नानांच्या आजाने, खुर्दची गौर भर नदीतून पळवून नेली. बुद्रुकच्या गोष्टीत गौर नव्हती आणि खुर्दच्या गोष्टीत दगड नव्हते.

नानांची मुलगी इंदू आमच्याच शाळेत शिकलेली. वर्गात ती ग्रीक होती. खुर्दच्या दौलत आबांचा माधव दाराकडचा तुर्क. माधवने एकदा ग्रीकांची बाजू अशी सांगितली होती की इंदूने पहिल्या झटक्यात मान डोलावली. पुढचं तिथेच ठरलं असावं असा माझा अंदाज आहे. माधव धुळ्याला शिकून आला, गावच्या सोसायटीत लागला, आणि धुळ्याच्या एका नातेवाइकाने रीतसर स्थळ सुचवलं. जात जुळत होती, कूळ जुळत होतं, पत्रिका जुळत होती. फक्त इतिहास जुळत नव्हता.

दौलत आबा चार माणसं घेऊन नानांच्या ओट्यावर आले त्या दिवशी नानांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आबा म्हणजे पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. चहा आला. आबांनी कपाला हात लावला नाही.

"मास्तर, पोर सोनानी शे. मन्ही ना नही," आबा अहिराणीत म्हणाले. "पन तुम्हना आजानी आम्हनी गौर चोरी, हाई बठ्ठा गावले माहीत शे. सुपारी फोडाना पयले तेवढं चार लोकेस्मा कबूल करा. मंग मन्हा घरमा पोरले कोनी बोलाव नही."

सगळे नानांकडे बघू लागले. मीही बघत होतो, आणि मनातून निर्धास्त होतो. समोरच्याची बाजू समजून घेण्यात या माणसाचा हात धरणारा उभ्या जिल्ह्यात कोणी नव्हता. नाना उठले. कानशिलं लाल झाली होती.

"माझा आजा चोर नव्हता!" ते ओरडले. "तुमच्या गावाला इतिहासातलं काय कळतं?"

आबा उठले. माणसं उठली. चहा तसाच राहिला.

ती मंडळी गेल्यावर नाना येरझारा घालू लागले. राग थोड्या वेळाने उतरला आणि खाली होती ती भीती वर आली. "चौधरी, माझी पोर त्या घरात जन्मभर चोराच्या घरची म्हणून राहणार? मान खाली घालून भाकरी थापणार? कोणी टोमणा मारला तर कोपऱ्यात तोंड लपवून रडणार? मी नाही देणार." आवाज फाटला होता. बाप म्हणून त्यांचं चुकत नव्हतं.

इंदू दारात उभी होती. तिला रडू फुटेल असं मला वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "नाना, खुर्दवाल्यांचं म्हणणं काय ते सांगा."

"त्यात काय सांगायचं? खोटं आहे ते."

"वर्गात मी असं म्हटलं असतं तर तुम्ही मला खाली बसू दिलं असतं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या म्हशीकडे पाहिलं. मग त्यांनी कोट ठीक केला, घसा खाकरला आणि सुरुवात केली. "खुर्दच्या लोकांचं म्हणणं असं, की ते... की ते खोटारडे..." आणि तिथे थांबले. आपण कोणासारखे बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. मला हसू आवरेना. लग्न मोडायची वेळ आणि मी तोंडावर उपरणं धरून बसलेलो.

इंदू आत गेली आणि देव्हाऱ्यातल्या दोन गौरी घेऊन बाहेर आली. चैत्र होता, त्यामुळे गौरी मांडलेल्या होत्या. एक हिरव्या लुगड्याची. दुसरी जरा लहान, लाल लुगड्याची, जुन्या घडणीची.

"गावात प्रत्येकाच्या घरी एक गौर असते. आपल्याकडे दोन का?"

"ती पाहुणी," नाना म्हणाले. "माझी आजी म्हणायची. ही घरची आणि ती पाहुणी."

आतून काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, दुजोरा दिला, "हो, सासूबाईंनी बजावलं होतं, पाहुणीला निवद आधी दाखवायचा."

"पाहुणी," इंदू म्हणाली. "कुठल्या गावची?"

नानांनी ती लाल गौर हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. लहानपणापासून दर आखाजीला त्यांनी तिच्यापुढे सांजोऱ्या ठेवल्या होत्या, आणि हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. मग त्यांच्या पोटातून हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, काकू पाणी घेऊन धावल्या. "आणि मी तिकडे त्या म्हाताऱ्यांना विचारत होतो, तुमच्या पुस्तकात हे कसं नाही, तुमच्या पुस्तकात ते कसं नाही! अहो, माझ्या आजीने चोरीच्या मालाला घरची सवाष्ण करून ठेवलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गौर उपरण्यात गुंडाळून, कोटाची सगळी बटणं लावून खुर्दला निघाले. साक्षीदार म्हणून मला घेतलं. वाळू तुडवत पलीकडे पोचलो तोवर आबांच्या ओट्यासमोर निम्मं गाव गोळा झालं होतं.

"आबा, तुम्हनं म्हननं मी सांगस," नाना उभ्यानेच म्हणाले. "चुकनू ते टोका."

आणि त्यांनी सांगितलं. मी त्यांचे कितीतरी तास ऐकले होते, पण असा ऐकला नव्हता. खुर्दच्या पोरींनी महिनाभर पुजलेली गौर, ती पाण्यात धरलेली असताना झालेला गोंधळ, तिला ओढून नेणारा दांडगा माणूस, आणि त्या वर्षी रिकाम्या हातांनी घरी गेलेल्या लेकीबाळी. त्या दांडग्या माणसाला त्यांनी "मन्हा आजा" म्हटलं आणि क्षणभर थांबले. आबांची मान आपोआप डोलत होती. मग नानांनी उपरणं सोडलं. गर्दीतल्या एका पिकलेल्या म्हातारीने पुढे येऊन गौर मांडीवर घेतली आणि लुगड्याच्या पदराने तिचं तोंड पुसू लागली.

नाना मात्र खाली बसले नव्हते. "आते तुम्हनी पाळी, आबा. आम्हनं म्हननं सांगा."

आबांनी मिशा चाचपल्या. "तुम्हनं म्हननं... का आम्हनाकडथीन एखादा दगड..."

"एखादा?"

"चार-पाच," आबा म्हणाले.

नाना उभेच. आबांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज उतरवला. "पयला मन्हा बापनीच मारा व्हता. घरमा सांगे तो आम्हले, हासी हासीसन."

आता मान डोलावण्याची पाळी नानांची होती. मग कोणीतरी हसलं, आणि सगळा ओटा हसू लागला. सुपारी तिथेच फुटली. गौर इथेच ठेवा असं आबा म्हणत होते, पण नाना ऐकेनात. इतकी वर्षं राहिलेली पाहुणी अशी उपरण्यातून, रिकाम्या ओटीने धाडायची? ती इंदूबरोबर येईल, पाठराखीण म्हणून. आणि आलीही. वैशाखात वरातीची गाडी नदीतून गेली तेव्हा इंदूच्या मांडीवर ती लाल गौर होती. काकू दोघींपैकी कोणासाठी जास्त रडल्या, हे मला अजून कळलेलं नाही.

नाना वर्षभर खुशीत होते, पण ती भीती पूर्ण गेली नव्हती. अधूनमधून शाळेत फळा पुसता पुसता विचारत, "चौधरी, ती इथे आली की सगळं छान आहे म्हणते. पण तिथे कोणी बोलत तर नसेल ना तिला?" मी म्हणायचो, छे. मला तरी काय ठाऊक?

साठ साली मला जळगावात नोकरी मिळाली. निघण्याआधी निरोप घ्यायला बोरपाड्याला गेलो तो नेमका आखाजीचा दिवस. नाना मला थेट नदीवरच घेऊन गेले. इंदू आदल्या दिवशी माहेरी आलेली होती, पण नदीवर जायची वेळ झाली तशी पलीकडे निघून गेली होती, कारण गौर त्या काठाची आणि न्हाऊ घालायचा मान तिचा. दोन्ही काठ बायकांनी भरले होते. इकडे गाणं चाललं होतं, की बुद्रुकने मोठं मन करून गौर दिली. तिकडून उलट गाणं आलं, की मास्तराने भिऊन परत केली.

"भिऊन?" नाना म्हणाले. "मी भिऊन?" आणि धोतराचा सोगा खोचून, हात उंच करून ते सरळ वाळूत उतरले. त्यांच्यामागे मी. "कोनी सांगं? काय पुरावा शे?" असं ओरडत ते नदीच्या मध्यापर्यंत गेले, आणि पलीकडच्या बायका त्यांना बघून आणखीच चेकाळल्या. त्यांतून एक आवाज सगळ्यांच्या वर चढला:

"चोरना घरनी मी अंडेर वं,
गौर मन्ही पाठराखीन वं!"

अंडेर म्हणजे लेक. इंदू होती ती. कडेवर गौर, पदर कमरेला खोचलेला, खुर्दच्या बायकांच्या अगदी पुढे उभी राहून बापाकडे बोट दाखवून गात होती. तिची सासू शेजारी टाळ्या देत होती आणि दोघी हसून वाकल्या होत्या.

नानांचा वर केलेला हात तसाच राहिला. भांडायचं ते विसरले. माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं.

"चौधरी, आवाज ऐका तिचा," ते म्हणाले. "काय मोकळा आहे!"

माझी गाडी दुपारची होती. मी काठावर येऊन वळून पाहिलं, तर नाना अजून तिथेच होते, भर उन्हात, नदीच्या मधोमध वाळूत मांडी घालून बसलेले. पलीकडून गाणं चालूच होतं.